अक्षराभोवतीचे कोरे कातडे

१५ जानेवारी, गुरुवार. पहाटे बोचरी थंडी, समुद्रावर धुके. नऊच्या सुमारास लख्ख ऊन, वारा मंद.

अशा दिवशी एकदा एक लाकडाचा व्यापारी आपल्या मोठ्या मुलाला बरोबर घेऊन एका वृद्ध गुरूंच्या साधना-शिबिराला आला. अलिबागच्या दक्षिणेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळी-पोफळीच्या वाडीत हे शिबिर भरत असे. गुरू बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजातले. तरुणपणी परदेशी राहून त्यांनी तोरा, म्हणजे ज्यू लोकांचे धर्मशास्त्र, कातड्याच्या गुंडाळीवर बोरूने लिहिण्याची विद्या आत्मसात केली होती, आणि त्या विद्येबरोबर येणारी अंतर्मुख साधनाही. आता वयोमानाने हात कापू लागल्यामुळे लेखन थांबले होते, पण साधना चालू होती. त्यांना सगळे आबा म्हणत. शिबिराला ज्यू येत तसे इतरही येत. यंदा नाशिकहून हेमलताबाई नावाच्या एक निवृत्त परिचारिका आल्या होत्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सर्वांना आपल्या हातचा चहा पाजून घरच्यासारखे करून टाकले होते.

व्यापाऱ्याचे नाव मेनाशे झिराडकर. पनवेलजवळ त्यांची लाकडाची वखार होती. धंद्यात माणूस चोख; पण समाजात त्यांची ख्याती होती ती निराळ्याच गोष्टीसाठी. शनिवारी प्रार्थनालयात तोराचे सुरात वाचन होते, तेव्हा वाचणाऱ्याची चूक झाली तर ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे मोठ्याने सांगायची आणि वाचकाने मागे जाऊन ती जागा पुन्हा वाचायची, असा नियम आहे. गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, विरामही नसतात; सारे पाठ करून यावे लागते, म्हणून चुका होतात. मेनाशेंना सगळा ग्रंथ मुखोद्गत होता. त्यांच्या कानातून एकही चूक सुटत नसे. अर्थ बदलणारी चूक ते सांगतच, पण स्वर जरा लांबला, श्वास चुकीच्या जागी घेतला, तरी तिसऱ्या बाकावरून त्यांचा आवाज येई. वाचायला उभी राहणारी माणसे आधी ते आले आहेत का ते पाहून घेत.

मुलगा योएल तेरा वर्षांचा झाला तेव्हा रीतीप्रमाणे पहिल्यांदा वाचायला उभा राहिला होता. त्या दिवशीही तिसऱ्या बाकावरून आवाज आला, एकदा नव्हे, वारंवार. शेवटी मुलगा गप्प झाला आणि उरलेला भाग दुसऱ्याने वाचून पुरा केला. त्यानंतर योएल कधी वाचायला उभा राहिला नाही. आता तो तिशीला आला होता. आई रिबका त्याला अनेकदा म्हणे, "माझ्यासाठी एकदा वाच रे." ती ऐकायची राहून गेली. तिला जाऊन या आठवड्यात वर्ष होत होते, आणि तिच्या नावाने शनिवारी वाचायला योएल तयार झाला होता. पनवेलच्या ओळखीच्या माणसांत त्याला वाचायचे नव्हते, म्हणून आबांच्या शिबिराची वाट धरली होती. येताना गाडीत तो वडिलांना एवढेच म्हणाला, "या खेपेला नीट झालं तर झालं. नाहीतर मी पुन्हा कधी गुंडाळीसमोर उभा राहणार नाही, तुम्हीही कधी सांगू नका."

मेनाशे म्हणाले, "होईल नीट. मी आहे ना समोर."

योएल खिडकीबाहेर पाहू लागला.

शिबिरातला दिनक्रम साधा होता. पहाटे समुद्रात डुबकी मारून शरीर व मन शुद्ध करायचे. मग एकेकाने वाडीत दूर जाऊन आपल्या मायबोलीत, जसे सुचेल तसे, देवाशी मोठ्याने बोलायचे. पोथीतले शब्द वापरायचे नाहीत. हेमलताबाई हसून म्हणाल्या, "आबा, मी तर रोज ओट्यापाशी उभी राहून त्याच्याशी भांडते. त्यासाठी एवढा प्रवास कशाला केला मी?" आबा म्हणाले, "तुम्हाला ओटा आहे, बाई. काही जणांना नसतो."

मेनाशे पोफळीत गेले आणि बोलायला लागले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आले की रिबकाच्या आजारपणात डॉक्टर कुठे चुकले, पाऊस यंदा कसा अवेळी आला आणि पनवेलच्या प्रार्थनालयाचे कारभारी कसे निवडायला हवे होते, हे आपण देवाला क्रमाने समजावून सांगत आहोत. जेवताना त्यांनी प्रामाणिकपणे हे आबांना सांगितले. योएल ताटावरची नजर न उचलता म्हणाला, "म्हणजे बाबांनी त्यालाही तिसऱ्या बाकावरून हाक मारली." पंगतीतल्यांना हसू आले. मेनाशेही हसले.

दुपारी अक्षरांचे ध्यान असे. आबांनी प्रत्येकाला एकेक अक्षर असलेली कातड्याची पट्टी दिली आणि आधी शाईकडे, मग शाईभोवतीच्या कोऱ्या जागेकडे पाहत बसायला सांगितले. मग त्यांनी जुन्या साधकांकडून चालत आलेले एक रहस्य सांगितले. सृष्टीच्या आधी सर्वत्र केवळ ईश्वरच भरून राहिला होता, दुसऱ्या कशालाही ठिकाण नव्हते. जग व्हावे अशी इच्छा झाली तेव्हा त्याने पहिली गोष्ट केली ती निर्मितीची नव्हे. त्याने स्वतःला आवरून घेतले. जी जागा मोकळी झाली, तीत आपण सारे उभे आहोत.

मेनाशेंनी मान डोलावली. ही गोष्ट त्यांनी वाचलेली होती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी आबांकडे बोरू मागितला आणि एक ओळ स्वतः लिहून आणली. अक्षरे ठसठशीत, टोके करवतीने कापल्यासारखी. आबांनी पट्टी उन्हात धरली आणि परत दिली. "यातून वाचता येणार नाही."

"एकही अक्षर चुकलेलं नाही, आबा."

"चुकलेलं नाही. पण हे अक्षर शेजारच्याला टेकलंय, आणि हेही. प्रत्येक अक्षराभोवती कोरं कातडं हवं. एक अक्षर दुसऱ्याला चिकटलं तर सबंध गुंडाळी वाचायला अपात्र ठरते. तुला तर नियम ठाऊक आहे."

मेनाशेंना नियम ठाऊक होता. शाई जरा जास्त झाली असेल, असे म्हणून ते पट्टी घेऊन गेले. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारचा विसावा लागतो आणि लिहिणे-रांधणे बंद होते; त्याच्या आत त्यांनी तीच ओळ पुन्हा लिहिली, पण दाखवायला नेली नाही, कारण पुन्हा दोन अक्षरे टेकली होती.

शनिवारी सकाळी वाडीतल्या लांबट खोलीत प्रार्थना झाली. वाचनाला दहा पुरुष लागतात. आजूबाजूच्या गावांतून माणसे आल्यामुळे पंधरा-सोळा जमले होते. हेमलताबाई आणि इतर पाहुणे मागच्या चटईवर होते. वाचकाच्या बाजूला ग्रंथ उघडून चुका पाहायला आबांनी एझरामामा नावाच्या वृद्ध गृहस्थांना उभे केले होते. मेनाशेंना ते काम मिळेल असे वाटत होते. ते मिळाले नाही, तेव्हा ते अगदी पुढे, आबांच्या शेजारी येऊन बसले.

वाचन होते मोशेच्या, म्हणजे मोझेसच्या, कथेचे. रानातले झुडूप पेटते पण जळत नाही, देव मोशेला बोलावतो आणि माझी जीभ जड आहे, मला बोलता येत नाही, असे मोशे म्हणतो, तो भाग. योएलच्या वाट्याला त्यातली दोन प्रकरणे होती. पहिले सुरू झाले. मेनाशेंचे ओठ शब्दागणिक हलू लागले. योएलची नजर गुंडाळीवरून उचलली जाई, बापाच्या ओठांवर पडे आणि पुन्हा ओळ शोधत खाली येई. एका जागी सूर खाली यायला हवा होता तिथे वर गेला.

"खाली," मेनाशे म्हणाले.

योएलने ती जागा पुन्हा म्हटली. त्यानंतर त्याचा आवाज इतका बारीक झाला की मागच्या चटईवरची माणसे पुढे झुकली. कसेबसे प्रकरण संपले. योएल दोन्ही हातांनी मेजाची कड धरून उभा होता. पुढचे प्रकरण तो वाचणार की नाही, हे कोणालाच कळेना.

तेवढ्यात आबा उठले. पंच्याऐंशी वर्षांचे ते गृहस्थ, ज्यांच्यासाठी सारे दूरदुरून येत, काठी टेकत, कोणाकडे न पाहता, दाराबाहेर निघून गेले.

खोलीत कुजबुज झाली. मेनाशेंचे कान तापले. आपल्या मुलाचे वाचन गुरूंना ऐकवेना, असा अर्थ त्यांनी लावला, आणि क्षमा मागावी म्हणून तेही घाईने उठून बाहेर गेले.

आबा पायरीवर बसले होते. समोर ओहोटी लागली होती. मेनाशे हात जोडून म्हणाले, "आबा, त्याला मीच घेऊन आलो. त्याचं वाचणं तुम्हाला..."

"बस," आबा म्हणाले. "ऐकू येतं इथून."

आत बराच वेळ काही नव्हते. मग योएलचा आवाज आला. आधी अडखळत, नंतर सरळ. मेनाशे पायरीच्या कडेला टेकले. आवाज जाड होता, रिबकाच्या भावाच्या वळणाचा. आपल्या मुलाचा आवाज असा आहे, हे त्यांना माहीत नव्हते. त्याने शेवटचे मोकळेपणी म्हटलेले त्यांनी ऐकले, तेव्हा त्याचा कंठ फुटलेला नव्हता.

आणि मग योएलने एक सबंध ओळ गाळली.

ही सुराची चूक नव्हती. अशी ओळ सोडून पुढे जाता येत नाही. मेनाशे ताडकन उठले. तोंड उघडले गेले, शब्द जिभेवर आला. त्यांनी आबांकडे पाहिले. आबांनी त्यांना अडवले नाही. ते समुद्राकडे पाहत राहिले. आतून एझरामामांचाही आवाज येईना. गाळलेली ओळ उघड्या दारात अडसरासारखी आडवी पडली आहे, असे मेनाशेंना वाटले. त्यांनी दाराची चौकट धरली, आणि कसे कोण जाणे, ते गप्प राहिले.

आत योएल थांबला. पुढचे शब्द मागच्याशी जुळत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले असावे. कातड्याची सळसळ झाली. त्याने मागे जाऊन ती ओळ शोधली, पूर्ण वाचली आणि तो पुढे निघाला.

मेनाशे पुन्हा पायरीवर बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "एझरामामांना ऐकू आलं नाही का?"

"आलं असेल. मीच त्यांना सांगून ठेवलंय की चूक ऐकली तर आधी एक श्वास थांबा. त्या श्वासात वाचणारा स्वतः परत आला नाही, तर मग सांगा. नियम मोडायचा नाही. पण श्वासभर जागा सोडायची."

"आणि तुम्ही बाहेर आलात ते?"

"तुझ्याकडे बघून त्याचा आवाज जातोय, हे मला दिसलं. मग वाटलं, मीही तसाच समोर बसलोय. मलाही सगळं पाठ आहे, आणि ते त्याला ठाऊक आहे. तुला उठवायचा अधिकार मला नव्हता, मेनाशे. स्वतः उठायचा होता. माणसाला वाटतं, आपण जवळ उभे राहिलो म्हणजे आधार झाला. पुष्कळदा होतोही. पण शाईला शाई टेकली की दोन्ही अक्षरं वाचता येत नाहीत, मग ती कितीही सुंदर काढलेली असोत. ते कोरं कातडं रिकामं नाही. अक्षराला अक्षरपण त्यानेच येतं. जगासाठी देवाला आवरून घ्यावं लागलं, तिथे मुलासाठी बापाला किती आवरावं लागेल, याचा तू विचार कर."

 मेनाशे स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले, "ओल्या फळ्या रचताना आम्ही दोन फळ्यांच्या मध्ये काठ्या घालतो. वारा खेळला पाहिजे. एकीला एक लावून रचल्या तर आतून कुजतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो."

"मग तुला माझी गरज नव्हती," आबा म्हणाले.

आत आशीर्वादाचे शब्द सुरू झाले होते. रिबकाचे नाव घेतले गेले, आणि योएलने तिच्या नावाने म्हणायची प्रार्थना म्हटली. मेनाशेंनी बाहेरूनच, सर्वांबरोबर, "आमेन" म्हटले.

दुपारी जेवायला आदल्या दिवशी शिजवून ठेवलेला भात आणि नारळाच्या दुधातले माशाचे कालवण होते. हेमलताबाईंनी योएलला आग्रहाने वाढले आणि म्हणाल्या, "मला त्यातलं अक्षर कळलं नाही हो, पण तुमच्या आईला कळलं असणार." योएल आपले ताट घेऊन वडिलांच्या शेजारी येऊन बसला.

"एक ओळ सुटली होती माझी," तो म्हणाला.

मेनाशेंना ती कुठली ओळ, तिच्यात कोणता सूर आणि योएल ती परत वाचताना कुठे जरा घाईत गेला, हे सारे ठाऊक होते.

"सापडली ना?" ते म्हणाले.

"सापडली."

दोघे जेवले.

२४ जानेवारी, शनिवार. पनवेलला ऊन, वारा नाही. प्रार्थनालयात योएल झिराडकर यांनी एक प्रकरण वाचले. मेनाशे झिराडकर शेवटच्या बाकावर बसले होते. दोन चुका झाल्या. एक योएलने स्वतः सुधारली, दुसरी बाजूला उभ्या असलेल्या गृहस्थांनी सांगितली.