पिठल्याचं पातेलं

“अजून काय करायचं राहिलंय, तेवढं सांगा पाळकसाहेब. तेही करतो.”

अमोलिक पाळक चुलीपुढं बसले होते. त्यांनी फुंकणी उचलली, निखारे फुलवले.

विचारणारे भिंगारदिवे मास्तर उंबऱ्याशीच उभे राहिले. नुकतीच त्यांनी चर्चची घंटा वाजवली होती. तळहातांत दोराचा गारवा अजून होता. बाहेर एवढं धुकं होतं, की चर्चचं शिखर दिसत नव्हतं. घंटा आभाळातच कुठंतरी टांगलेली असावी आणि आपण खालून नुसता दोर ओढला असावा, असं त्यांना वाटलं होतं.

वर्षापूर्वी मुलगी रूथ देवाघरी गेली, तेव्हापासून मास्तरांनी स्वतःला कामाला जुंपून घेतलं होतं. घंटा त्यांची. गावात कुणी अंथरुणाला खिळलं, की उशाशी मास्तर. बेवारस माणूस गेला, की खड्डा खणायला मास्तर. शुक्रवारी उपास. चहातली साखरसुद्धा बंद.

असा ख्रिस्ती माणूस पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत. मास्तर मान खाली घालून ऐकत. पण ऐकत.

मनात एकच घोर होता. रूथ जिथं आहे, तिथं आपल्याला आत घेतील का? नाही घेतलं, तर पोर पुन्हा दिसायची नाही.

“पाळकसाहेब…”

“माझं पातेलं कुठंय रे, मास्तर?”

लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत अमोलिक पाळकांनीच त्यांना शिकवलं होतं. म्हणून तोंडानं मास्तर म्हणत, पण अरेतुरे सोडत नसत.

मास्तर वरमले. पातेलं त्यांच्याच घरी होतं. रूथला माती देऊन आले, त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. तेव्हा पाळक स्वतः पिठल्याचं पातेलं आणि फडक्यात भाकरी घेऊन आले होते. ठेवून गेले.

ते पातेलं परत गेलंच नाही. कारण रिकामं भांडं परत करायची मास्तरांच्या घरात रीत नव्हती. शेजारच्या वाटीतून काही आलं, तर जाताना निदान चिमूटभर साखर तरी जायचीच. आईनं ती रीत अंगी बाणवली होती. पण त्या दिवशीच्या पातेल्यात घालायचं काय? साखर शोभेना. पेढे तर नाहीच नाही. तसंच ते फळीवर राहून गेलं.

“आत्ता आणतो,” मास्तर म्हणाले.

धुक्यातली वाट ओळखीची असून अनोळखी वाटत होती. ज्वारीची कणसं तेवढी वर तरंगत होती. पलीकडून कुणीतरी खोकलं, बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली, आणि दिसलं कुणीच नाही.

घरी पत्नी सालोमीबाईंनी पातेलं काढून दिलं. मास्तरांनी त्यात नव्या गुळाचे खडे भरायला घेतले. त्या बघत राहिल्या.

“त्यांनी पातेलं मागितलंय ना? का गूळ मागितलाय?”

“रिकामं देतात होय कुणी?”

“तुमचं तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या. “मला तर वाटलं होतं, ते पातेलं आता म्हातारपणी आपल्याबरोबरच जायचं.”

मास्तर पातेलं घेऊन परत आले, तेव्हा पाळकांनी झाकण उचललं. गुळाचा ओला गोड वास खोलीभर झाला. त्यांनी झाकण परत ठेवलं आणि पातेलं मास्तरांकडे सरकवलं.

“हे माझं नव्हे.”

“तुमचंच आहे. हा बघा काठाचा पोचा.”

“माझं भरून गेलं होतं. रिकामं यायचं होतं.”

मास्तरांना हसू आलं. घरची रीत त्यांनी सांगून पाहिली. वर्षभर या पिठल्याच्या तोडीचं काहीतरी शोधत होतो, म्हणूनच उशीर झाला, हेही सांगितलं.

“मग सापडलं?”

मास्तरांनी गुळाकडे पाहिलं.

“नाही…”

चुलीवर काहीतरी रटरटत होतं. पाळकांनी ते पळीनं ढवळलं.

“रूथ कुठंय, मास्तर?”

“प्रभूजवळ.” शब्द आपसूक आला.

“नक्की?”

“नक्की.”

“काय केलं होतं तिनं?”

मास्तर आठवू लागले.

काय केलं होतं? आठ वर्षांची पोर. शेवटचा पावसाळा सगळा खाटेवर गेला. पाणीसुद्धा ते चमच्यानं पाजायचे. ते गाणं म्हणायचे, तेव्हा तिचे ओठ हलल्यासारखे वाटायचे. कधी तेही नाही.

“प्रार्थनेला हात जोडायची?” पाळकांनी विचारलं.

“उचलतच नव्हते हो हात…”

“मग?”

“मीच धरून बसायचो.”

दाराबाहेर धुकं जागच्या जागी उभं होतं. आत येऊ की नको, असं.

मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं जमिनीवर पसरलं. गुळाचे खडे एकेक करून त्यात काढले. तळाला चिकटलेला खडा नखानं सोडवला. मग दोन्ही हातांनी पातेलं पुढं केलं.

आजवर कुणाच्या दारात ते असं रिकामं भांडं घेऊन उभे राहिले नव्हते. भर बाजारात अंगावरचं वस्त्र गळून पडावं, तसं त्यांना झालं. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पाठोपाठ रूथचा आला. तो मात्र डोळ्यांपुढून हलेना.

पाळकांनी पातेलं घेतलं. आत वाकून पाहिलं. काही नव्हतं.

“हे माझं,” ते म्हणाले.

मग चुलीकडे वळले. शिजत होतं ते पिठलंच होतं. एक पळी, दुसरी पळी… पातेलं काठोकाठ भरलं. त्यांनी झाकण लावलं, फडक्यात भाकरी बांधली आणि सगळं मास्तरांच्या हातांत दिलं.

पातेलं गरम होतं. मास्तरांना खाली ठेवावंसं वाटेना.

“पाळकसाहेब,” ते हळूच म्हणाले, “मग… मला घेतील?”

पाळकांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“रूथ रिकाम्या हातीच गेली ना? सालोमीला सांग, आज चूल पेटवायची नाही.”