जागा सोडणारा हाफ

“मग अठ्ठेचाळीस बरोबर हाय का न्हाई, एवढंच सांगा की मास्तर.”

इलाही मास्तर सुपारी कातरत होते. दात गेल्यापासून ते स्वतः सुपारी खात नाहीत. पण कातरतात रोज, आणि येईल त्याच्या तळहातावर ठेवतात.

“कितीपैकी?”

“शंभरपैकी. पोझिशनला. म्हंजे आपली जागा धरून खेळतोय का न्हाई, त्याला.”

“आणि कुणाला दिलास?”

इंद्रजितने लॅपटॉप त्यांच्या बाजूला सरकवला. पडद्यावर निळ्या जर्सीतली एक छोटी आकृती जागच्या जागी उड्या मारत होती.

“आमच्या आबांना.”

मास्तरांचा अडकित्ता थांबला.

इंद्रजित चौगुले पुण्यात एका कंपनीत होता आणि त्याचं काम असं होतं की कोल्हापुरात चारदा सांगूनही कुणाला खरं वाटत नसे. व्हिडिओ गेममध्ये जे फुटबॉल खेळाडू असतात, त्यांना गुण द्यायचे. वेग किती, पास किती, टॅकल किती. एका बड्या परदेशी फॉरवर्डचा वेग त्याने एकदा दोनाने कमी केला, तेव्हा त्याला सातासमुद्रापलीकडून शिव्या आल्या. त्या त्याने जपून ठेवल्या होत्या. पाहुण्यारावळ्यांना दाखवतही असे.

आता त्याने पेठेतल्या पिंपळकट्टा तालमीचा, इलाही मास्तरांनी शिकवून तयार केलेला जुना संघ त्या गेममध्ये घातला होता. तालीम नावाला कुस्तीची. माती कधीच गेली, फुटबॉलची टीम तेवढी राहिली, आणि त्या टीमसाठी पेठेतली माणसं अजूनही जेवण सोडतात. रविवारी तालमीत मोठा पडदा लागणार होता. जुने खेळाडू येणार, आपापल्या नातवंडांच्या हातून स्वतःला खेळताना बघणार. तालमीने तसं बोर्डावर लिहूनही टाकलं होतं.

पुरावा म्हणून इंद्रजितकडे एकच कॅसेट होती, तो संघ खेळलेल्या फायनलची. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या फोटोवाल्याने काढलेली. त्यामुळे मॅच ऐन रंगात आली की कॅमेरा खुर्चीवरच्या पाहुण्यांवर फिरायचा. सवय, दुसरं काय.

“घरचा माणूस म्हणून एक गुण जास्त दिला न्हाई, मास्तर,” इंद्रजित म्हणाला. “जे दिसलं ते दिलं. लेफ्ट हाफ असून आबा सारखे उजवीकडं. आपली जागा मोकळी. पेठेत म्हणायचेच की, दिनू चौगुले मैदानात सापडला तर चहा पाजतो म्हणून.”

आवाजात तोरा होता. पण तोऱ्याच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते मास्तरांना ऐकू गेलं असावं.

आबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. इंद्रजितचा जन्म झाला तोवर त्यांचा खेळ सुटलेला. ते शिरोलीच्या फौंड्रीत जात, संध्याकाळी येत, बशीत चहा ओतून पीत. बूट घातलेले आबा त्याने कधी पाहिलेच नव्हते. ते त्याला एकदा पाहायचे होते, जसे होते तसे, भले अठ्ठेचाळीसाचे का असेनात. सगळा खटाटोप त्यासाठी होता.

“आणि बापूला किती?” मास्तरांनी विचारलं.

“बापू मगदूमकाका? राइट बॅक. डिफेन्सला नव्वद. अख्ख्या मॅचमधे त्यांच्या बाजूनं एक चेंडू गेला न्हाई.”

“नव्वद.”

“जास्त झालं?”

मास्तरांनी धोतराला हात पुसले.

“कॅसेट कितीदा बघितलास?”

“पाठ हाय म्हणा.”

“काय बघितलास तीत?”

“चेंडू कुठं जातोय, कोण कुठं उभा हाय...”

“म्हंजे चेंडू बघितलास.”

“चेंडूच बघायचा असतोय की, मास्तर.”

“पैल्या दिवशी मैदानात आलेलं पोरगंबी त्योच बघतंय. लाव.”

इंद्रजितने कॅसेटवरून उतरवून घेतलेली ती मॅच लावली. चित्र धुरकट होतं, जर्सीचे रंग उडालेले. स्टेडियमच्या पायऱ्या माणसांनी काठोकाठ भरलेल्या दिसत होत्या. त्या गर्दीतली निम्मी माणसं आता नव्हती.

मास्तर पुढे वाकले आणि त्यांनी पडद्यावर बोटं टेकवली. नेमकी चेंडूवर.

चेंडू सरकला. बोटं सरकली.

“मास्तर, दिसंना झालंय.”

“दिसंल.”

हात चुकत नव्हता. चेंडू उंच गेला की हात उंच. मागे आला की मागे. थोड्या वेळाने इंद्रजितच्या लक्षात आलं की हात चेंडूच्या पाठोपाठ जात नाही. तो आधी जाऊन थांबतो, आणि चेंडू मग त्याच्याखाली येतो.

ही कॅसेट मास्तरांनी कधी पाहिलेली नव्हती. त्यांच्याकडे ती लावायला यंत्रच नव्हतं. ती फायनल त्यांनी एकदाच पाहिली होती, मैदानाच्या कडेला उभं राहून... आणि त्यानंतर डोळे मिटून किती वेळा, ते त्यांनाच ठाऊक. इंद्रजितला एकदम भरून आलं. तो खाली बघायला लागला.

“खाली काय बघतोस? बापूकडं बघ.”

त्याने पाहिलं. चेंडू झाकलेला, त्यामुळे नजर जायला दुसरी जागाच नव्हती.

उजवीकडे बापू मगदूम उभा होता. छाती पुढे, मान ताठ. दोन पावलं धावला आणि थांबला. हात उजव्या गुडघ्यावर गेला. लगेच निघाला, चटका बसावा तसा.

“आता दिनूकडं.”

आबा डावीकडे होते. बारीक अंगाचे, कुरळ्या केसांचे, इंद्रजितपेक्षाही वयाने लहान. ते चेंडूकडे बघतच नव्हते. सारखी मान वळवून मागे बघत होते, बापूच्या पायांकडे. बापूचं पाऊल जड पडलं की आबा सुटलेच. अख्खं मैदान आडवं कापून ते उजवीकडे पोचत आणि टॅकल करत. मग उठून उभे राहताना बापूच्या पाठीवर थाप देत, चेंडू जणू त्यानेच अडवला होता.

मग परत आपल्या जागेकडे पळत. निम्म्यात पोचेतो पुन्हा मागे फिरत.

इंद्रजित पडद्याच्या आणखी जवळ सरकला.

“गुडघा...” तो म्हणाला.

“सेमीफायनलला मोडल्यागत झालेला. कुणाला बोलला न्हाई. फायनलला मुंबईच्या कंपनीची माणसं येणार हुती, त्यांच्या टीमसाठी नोकरभरतीला. बापूला बघाय. घरात सात खाणारी तोंडं, मिळवता कोण न्हाई.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला कुठलं ठाऊक? हाफटाइमला सगळ्यांदेखत झापला दिनूला. जागा सोडतोस व्हय रं, म्हणलो. मान खाली घालून व्हय म्हणाला. आणि दुसऱ्या हाफला परत गेला.” मास्तर थांबले. “तवा मला दिसलं.”

पडद्यावर दुसरा हाफ चालू होता. आबा उजवीकडे गेलेले. डावी बाजू सारवल्यासारखी मोकळी. समोरच्यांचा एक पोरगा तिथून वाऱ्यासारखा निघाला...

आणि फोटोवाल्याने कॅमेरा पाहुण्यांवर फिरवला.

गोल दिसला नाही. पेठेतल्या माणसांनी डोक्याला लावलेले हात दिसले. खुर्चीवरचा एक साहेब शेजारच्याच्या कानाला लागून काही सांगत होता. त्याचं बोट मैदानाच्या उजव्या बाजूला होतं.

मास्तरांनी हात काढून घेतला.

पुढचं इंद्रजितला माहीत होतं. एका गोलाने फायनल गेली. बापू मगदूम मुंबईला गेला आणि आबा फौंड्रीत. पेठेने ती हार दिनूच्या नावावर मांडली ती कायमची. कट्ट्यावर कुणीतरी तो विषय काढायचं आणि आबा हसून बशी ओठाला लावायचे. शाळेत त्यावरून इंद्रजितने एकाचं नाक फोडलं होतं. पुढे मारामाऱ्या सुटल्या आणि त्यालाही ते पटत गेलं. कॅसेट हाती येण्याच्या आधीच त्याच्या मनात आकडा ठरलेला होता. हे त्याला आत्ता कळलं, आणि फार लागलं.

“मास्तर, तुम्ही तरी बोलायचं होतं. एवढी वर्सं...”

“दिनूनं सांगितलं असतं तर मी सांगितलं असतं.”

इंद्रजितने लॅपटॉप ओढून घेतला. गेम उघडला. बोटं भराभर चालायला लागली. आबांचा टॅकल वाढला, दम वाढला, पोझिशनही अठ्ठेचाळीसवरून वर गेली. मग त्याने बापू मगदूमचं पान काढलं आणि वेग खाली खाली आणत नेला. पडद्यावरची बापूची आकृती हळू झाली.

“रविवारी सगळ्यांना दिसू दे,” तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. “अख्ख्या पेठेला. ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली त्या सगळ्यांना.”

“बापू येणार हाय?”

“येणार. निरोप आलाय. नातवाला घेऊन येणार हायत, आज्जा कसा खेळायचा ते दाखवायला.”

मास्तरांनी मान हलवली.

“त्यांना ठाऊक हाय का, मास्तर?”

“गुडघा त्याचा हुता, लेका.”

इंद्रजितची बोटं थांबली. बाहेर कुणीतरी सायकल लावली, मास्तरांना सलाम घातला, आणि गेलं. मास्तरांनी नुसता हात वर केला.

मग इंद्रजित एकेक आकडा पुन्हा चढवत गेला. बापू मगदूम पळायला लागला. मागच्या पायावर भार देऊन वळायला लागला, तरण्याबांड बॅकसारखा. आबांचा दम उतरला. टॅकल उतरला. शेवटी पोझिशनपाशी येऊन तो अडला. काही केल्या बोट खाली जाईना.

“हे खोटं हाय की, मास्तर. अठ्ठेचाळीस साफ खोटं हाय.”

मास्तरांनी अडकित्ता उचलला. सुपारीचं एक खांड कातरून त्याच्या हातावर ठेवलं...

“अठ्ठेचाळीसच ऱ्हाऊ दे. लई पळून मिळवलेत त्यानं.”