हत्ती आणि आठशे पानं

हत्ती उठेना! राजवाड्याच्या महाद्वारातच त्यानं फतकल मारली होती. बाहेर राजकन्येच्या नवरदेवाची वरात ताटकळलेली, आत राजा भूपाळसिंह रागानं लालबुंद, आणि मुहूर्ताला उरली जेमतेम घटका.

हत्ती समुद्रापलीकडच्या बेटावरून आलेला. त्याला भाषा कळे तीही बेटावरचीच. सोबत आठशे पानांची पोथी आली होती. हत्तीला काय सांगायचं, कोणत्या शब्दात सांगायचं, सगळं तीत होतं. राजाचा हुकूम असा, की पोथी पहिल्या पानापासून वाचायची, एक ओळ गाळायची नाही! त्यामुळे माहूत दारकोजी आठ दिवस शास्त्रीबुवांसमोर मांडी घालून पोथी ऐकत बसला. हत्तीकडे बघायला बिचाऱ्याला सवडच झाली नाही. आणि आज सकाळी बेटावरचा माहूत आपल्या गलबतात बसून निघूनही गेला.

"कितवं पान?" राजा गरजला.

"दोनशे बारावं, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले. "शेपटीचे प्रकार चालू आहेत."

"अहो, पण हत्ती उठवायचा शब्द कधी येणार?"

"क्रमाने येईल, महाराज!"

राजानं दारकोजीवर बोट रोखलं. "मुहूर्त टळला, तर हत्तीखाना सोडून चालता हो!"

दारकोजीची लेक ठकू चाऱ्याचा भारा घेऊन तिथंच उभी होती. बापाचा उतरलेला चेहरा बघून ती भारा खाली टाकून पुढं आली.

"महाराज, मी उठवू?"

"तू? पोथीतलं एक पान गाळलेलं चालणार नाही मला!"

"गाळायचं कशाला जी? बुवा वाचू देत की! मी आपली हत्तीच्या कानाशी उभी राहते."

तिनं उसाचं कांडं पुढं धरलं. "हुंबा!" हत्ती उठला. "लाय!" चालू लागला. "तोरी!" वळून भिंतीकडेला झाला. वरात वाजतगाजत आत आली. शास्त्रीबुवा तेव्हा शेपटीच्या सातव्या प्रकारावर होते.

"कुठं शिकलीस हे?" राजानं विचारलं.

"चारा घालताना. त्यो बेटावरचा माहूत दिवसभर पाचच शब्द बोलायचा. ऊठ, बस, चल, थांब, वळ. हत्तीखान्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेत मी. हा शब्द बोलला की हे होतं. बस्स!"

"पाच? आणि उरलेली पोथी?"

"ऱ्हाऊ द्या जपून. हत्ती आजारी पडला, तर बुवांकडंच धावत येईन की!"

शास्त्रीबुवा खूश झाले आणि त्यांनी पान उलटलं. राजाला सगळं पटलं होतं, पण कबूल कोण करणार? त्यानं मिशीला पीळ दिला.

"म्हणजे पोथी न वाचताच तू हत्ती हलवलास?"

"व्हय महाराज! पर हत्तीनं तरी कुठं वाचलीय?"

राजा असा खदखदून हसला, की डोक्यावरचा मंदिल सावरावा लागला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं ठकूच्या हातात घातलं.

"दारकोजी, हत्तीखाना तुझाच! आणि त्या भिंतीला कुणी चुना फासला, तर गाठ माझ्याशी आहे!"