भिवराचा निवाडा

"...पण तिन्ही कामं मी एकटा नीट करत असेन, तर ती वाटून कशाला द्यायची, महाराज?"

रायाजी देसाई खोऱ्याचे धनी. नियम ते करत, त्यांचेच शिपाई तो राबवत, आणि कुणी नियम मोडला तर निवाडाही तेच देत.

पहाटे तळ्याकाठी ते सोमगिरी गोसाव्यांपुढे बसले होते. धुकं इतकं दाट, की पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं.

"शेवटचा निवाडा कुणाचा केलास?"

"भिवरा कोळिणीचा. कालच. माशांच्या विणीच्या दिवसांत जाळं टाकायला मी बंदी केलीय. शिपायांनी तिला जाळ्यासकट धरून आणलं. मी गाव सोडायला सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, डबकं आटत होतं, मी त्यात अडकलेले मासे जाळ्यातून तळ्यात नेऊन सोडत होते."

"कुणाला म्हणाली?"

"मलाच... दुसरं आहे कोण?"

गोसाव्यांनी तळ्याकडे पाहिलं.

धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला. एक होडी स्वप्नात सरकावी तशी सरकत होती. होडीत मातीची चूल, दोन गाडगी, आणि पाठमोरी भिवरा.

रायाजी त्या चुलीकडे बघत राहिले.

"महाराज... ती खरं बोलत असेल?"

"मला ठाऊक नाही. तुला आहे?"

रायाजींनी निवाड्यावर उठवायची बोटातली मुद्रा काढून पुढे धरली. "मग तुम्ही करा निवाडा."

"तुझ्याविरुद्ध केला तर?"

"तर..." रायाजी हसले. "मुद्रा परत घेईन."

"मग दिलीस कुठं?"

होडी धुक्यात विरघळू लागली. रायाजींचा हात तसाच पुढे राहिला. मुद्रेवाचून बोट फार हलकं वाटत होतं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं...

"नाही घेणार," शेवटी ते म्हणाले. "विरुद्ध गेला, तरी नाही."

गोसाव्यांनी मुद्रा घेतली.

रायाजी उठले, गुडघाभर पाण्यात शिरले. "भिवराबाई! परत फिरा! तुमचं ऐकायचं राहिलंय!"

वल्हं थांबलं. होडी हळूहळू वळली.

ओल्या धोतरानं ते काठावर आले. "महाराज, माझे शिपाईही तुमच्याकडेच ठेवा. नाहीतर तुमचा शब्द राबवील कोण?"

गोसाव्यांनी नकारार्थी मान हलवली.

"निवाडा नि शिपाई दोन्ही माझ्याकडे आले, तर उद्या माझ्याविरुद्ध तू कुणाकडे जाशील?"