ध्रुव दिसेना तेव्हा

फार वर्षांपूर्वीच्या एका साध्याच बुधवारी दुर्बिणीला बातमी कळली, की तिचे मालक गोविलकरपंत गेले. वर्षभर ते ज्या धूमकेतूची वाट पाहत होते, तो दक्षिणेला चारच रात्री दिसणार होता.

पंत रोज आधी ध्रुव शोधत आणि त्याच्या रोखाने दुर्बिणीखालच्या तिवईचे पाय बसवत; मग आकाश फिरलं तरी दुर्बीण ताऱ्यामागे फिरवता येई आणि तो निसटत नसे. आता उत्तरेला ढगांनी ठाण मांडलं होतं.

"ध्रुव दिसल्याशिवाय मी पाय हलवायची नाही. पंतांची शिस्त आहे," तिवई म्हणाली.

तीन रात्री हेच ऐकून दुर्बीण कातावली. "अगं बाई, ढग आले की पंत काय करत? दक्षिणेचा एक तारा माझ्यात धरत. तो वर-खाली घसरला, की तुला जराशी वळवत. घसरायचा थांबला, की तू बरोबर. शिस्त आठवते आणि हे बरं विसरलीस!"

"तेव्हा वळवायला त्यांचा हात होता," तिवई हळूच म्हणाली.

"आता नाही. वळ!"

कुरकुरत तिवई सात वेळा वळली, तेव्हा कुठे तारा थांबला. चौथ्या रात्री धूमकेतू दिसला, शेपटीसकट.

पंतांच्या वहीत त्याची नोंद करायची तेवढी राहून गेली.