वाघ्याचा पट्टा

"वाघ्या कुठं आहे?"

"ह्यो काय. तुमच्या म्होरं बसलाय."

"माणूस नव्हे हो. कुत्रा."

"म्या तरी दुसरं काय म्हनलो?"

म्हाताऱ्यानं चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

उपेंद्र गिजरेच्या तेव्हा कुठं घोटाळा लक्षात आला. खाली गावात गाडी लावून त्यानं पारावरच्या मंडळींना हाच प्रश्न केला होता, आणि सगळ्यांनी एकदम माळावरच्या खंडोबाच्या देवळाकडं बोट केलं होतं. एक जण तर म्हणाला होता, "परवाधरनं तितंच बसून हाय. खाईना झालाय." ते ऐकून उपेंद्र घाबरलाही होता आणि त्याला बरंही वाटलं होतं. कुत्रा एकदाचा सापडला. तशा उन्हात तो धापा टाकत माळ चढून आला होता.

गाव बोलत होतं ते या सटवा वाघ्याबद्दल.

वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला माणूस. देवाचा कुत्रा. हे उपेंद्रला ठाऊक नव्हतं असं नाही, त्याच्या घरचं कुलदैवत खंडोबाच. त्याच्या लग्नानंतर जागरण घातलं तेव्हा दोन वाघ्ये कोटंब्यातल्या, देवाच्या लाकडी भिक्षापात्रातल्या नैवेद्यावर ओणवे होऊन भुंकले होते. साऱ्या मांडवात एकटा उपेंद्र हसला होता. वडिलांनी नुसतं वळून बघितलं होतं.

पुढं त्यांनी कुत्रा पाळला आणि त्याचं नाव ठेवलं वाघ्या.

"बाबा, मी आमच्या कुत्र्याला शोधायला आलोय," उपेंद्र जरा सबुरीनं म्हणाला.

"शोधा की."

"शोधायचं काही राहिलेलंच नाही. तो इथं आहे." त्यानं फोन पुढं केला. "हा नकाशा. हे तुमचं देऊळ, ही वाट. आणि हे निळं टिंब म्हणजे तो. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा आहे. वरून, आकाशातून त्याच्यावर नजर असते. जरा इकडचा तिकडं झाला तरी मला पुण्यात बसून कळतं."

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला.

"आभाळातनं बघतंय?"

"आभाळातनं."

"देव बी तितनंच बघतो म्हंत्यात," म्हातारा म्हणाला. "त्याची बी नजर आता अदू झालीय."

उपेंद्रला थट्टा आवडली नाही. जमिनींची मोजणी आणि नकाशे करणाऱ्या कंपनीत त्याचं आयुष्य गेलं होतं. धरणांच्या, रस्त्यांच्या रेघा त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. आकाशातून बघण्याबद्दल त्याला शिकवणारा माणूस या माळावर भेटेल असं त्याला वाटत नव्हतं.

"हे बघा, आत्ता दाखवतो," असं म्हणून त्यानं फोनवरचं बटण दाबलं. त्या बटणानं पट्टा वाजायचा. कुत्रा झुडपात दडला असला तरी आवाजावरून सापडावा, यासाठी ती सोय होती.

टींऽ टींऽ टींऽ...

आवाज म्हाताऱ्याच्या छातीवरून आला.

उपेंद्रनं पुन्हा दाबलं. भंडाऱ्याच्या पिशवीखाली, मळक्या बंडीच्या गळ्याशी काहीतरी हिरवं लुकलुकलं. म्हाताऱ्यानं पिशवी बाजूला केली. तांबडा पट्टा. त्यावरची काळी डबी. बक्कल शेवटच्या भोकात अडकवलेलं.

उपेंद्र वाकून पट्ट्याकडं बघू लागला.

"हा... हा पट्टा तुमच्याकडं कसा?"

"गळ्यात हाय."

"ते दिसतंय मला! कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात कशाला?"

"वाघ्याचाच हाय म्हनलासा न्हवं?"

"चोरलात तुम्ही!"

म्हातारा रागावला असं दिसलं नाही.

"निघालासा कवा?" त्यानं विचारलं.

"त्याचा काय संबंध? आज सकाळी."

"का?"

"का म्हणजे? टिंब थांबलं म्हणून." उपेंद्रचा आवाज पुन्हा वर चढला. "तो फिरत असतो तोवर काळजी नसते. थांबला की समजायचं, काहीतरी झालंय. परवा टिंब इथं येऊन थांबलं. एक दिवस वाट बघितली, कधीकधी सिग्नल अडकतो. पण आज सकाळीही हलेना, तेव्हा हातातली कामं टाकून निघालो."

"आन् त्याच्या आदी?"

"आधी तर मस्त फिरत होता. आज या गावात मुक्काम, उद्या त्या. एकदा तर नदी ओलांडून पलीकडं बाजारालाही जाऊन आला. पळत्याच्या मागं कुठं धावायचं? म्हटलं, कुठंतरी थांबेल, मग उचलून आणू. रोज संध्याकाळी आईला फोन करून सांगायचो, आज इथं आहे, आज तिथं आहे, मजेत आहे."

आईला तो इतक्या नेमानं पूर्वी कधीच फोन करत नव्हता. वडील गेले, तेराव्याचं जेवण उरकलं, आणि पुण्याला परतायच्या आधी त्यानं कुत्र्याच्या गळ्यात हा पट्टा बांधला. महिनाभर बॅटरी चालणारा, मुद्दाम निवडलेला. वडिलांच्या मागं कुत्रा दाराबाहेर बघत बसायचा, कुठंतरी निघून जाईल अशी आईला भीती होती. "आता कुठंही जाऊ दे," असं उपेंद्र तिला म्हणाला आणि गाडीत बसला. त्यानंतर तो घरी गेला नव्हता. कुत्रा खरंच निघून गेला तेव्हाही नाही.

"आईचंच काहीतरी चालायचं," तो म्हणाला. "म्हणायची, अरे, त्याच्या मागच्या पायांत जोर कुठं आहे? पायरी चढताना थांबतो तो. नदी कशी ओलांडेल? मी म्हणायचो, आई, टिंब खोटं बोलत नाही."

"बाजाराला गेलतो खरं," म्हातारा म्हणाला. "मीठ संपल्यालं."

"तुमचं नाही विचारत मी. तो गेला होता."

"त्यो बी हुता."

"कुठं?"

म्हाताऱ्यानं आपल्या उजव्या खांद्यावर दोनदा हात आपटला.

"हितं."

उपेंद्रनं फोनकडं बघितलं, मग त्या खांद्याकडं.

"सडकंच्या कडंला पडल्यालं," म्हातारा सांगू लागला. "गाडीनं उडवल्यालं. कंबर गेलती. घोंगड्यात बांधलं आन् घेतलं खांद्यावर. ढोराच्या डाक्टरला दावलं. त्यो म्हनला, म्हातारं हाय, किती दीस काडंल सांगता येत न्हाई, जपा. आता जपायचं म्हंजी मागं कुनापाशी ठिवणार? मी फिरता मानूस. मागाया निघालो की संगं घ्यायचो."

"पण तो चालत होता," उपेंद्र म्हणाला. "मी रोज बघत होतो ना. तो चालत होता!"

"म्या चालत हुतो."

चिंचेतून पाखरं उडाली. उपेंद्रच्या हातातला फोन काळा पडला होता. त्यानं तो बोटानं पुन्हा उजळला, आणि नकाशावर मागच्या दिवसांची वाट आपोआप उमटली. गावागावांना जोडत गेलेली निळी वळणदार रेघ. ही रेघ त्यानं ऑफिसात दाखवली होती. कुणीतरी म्हणालं होतं, आपल्यापेक्षा तुझा कुत्रा सुखी आहे रे. सगळे हसले होते. तोही हसला होता.

"तुम्ही कुणाला सांगायचं तरी," तो कसाबसा म्हणाला. "शोध घ्यायचा, धनी कोण आहे, काय आहे..."

"पट्ट्यावर दिवा लुकलुकायचा. गावातल्या पोरास्नी इचारलं. ती म्हनली, ह्यात कुनीतरी बघतंय बाबा, त्यास्नी समदं कळतंय. म्हनलं, मंग येईल की." म्हाताऱ्यानं खाली सडकेकडं बघितलं. "मुक्कामाला टेकलो की त्याला सडकंकडं तोंड करून निजवायचो. गाडी वाजली की कान हुबं ऱ्हायचं. गाडी म्होरं गेली की पडायचं."

उपेंद्र तिथंच खाली बसला. नव्या पँटची, धुळीची त्याला शुद्ध राहिली नाही.

"आता कुठं आहे तो?"

म्हाताऱ्यानं बोट केलं नाही. नुसतं बघितलं. देवळाच्या कुंपणाशी माती ताजी उकरलेली होती, वर दगड रचलेले आणि दगडांवर भंडारा उधळलेला. येताना उपेंद्रला ते दिसलं होतं. गावातलाच कुठलातरी देव असेल, असं समजून त्यानं चालता चालता हात जोडले होते.

"लई जड लागाया लागलं, तवा म्हनलं, देवाच्या दारी न्यावं. परवा सांजंला गेलं." म्हाताऱ्यानं गळ्यातल्या पट्ट्याला हात लावला. "ह्यो बी त्याच्यासंगं पुरणार हुतो. पर म्हनलं, आभाळातनं बघनारं मानूस हाय. आलंच, तर त्याला कुनीतरी घावाया पायजे."

"मग तुम्ही..."

"मंग म्या बसलो." त्यानं पाठ पुन्हा बुंध्याला टेकली. "मी बसलो, आन् तुमी आलासा."

उपेंद्रनं कुंपणाशी रचलेल्या दगडांकडं बघितलं.

"नाव काय त्याचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाघ्या. मघाशी म्हणालो ना."

"व्हय व्हय... मी आपलं पावनं म्हनायचो त्याला."

उपेंद्रच्या हातात फोन थरथरू लागला. पडद्यावर 'आई'.

त्यानं तो घेतला नसता तरी चाललं असतं. पण तिकडं घरात ती सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसली असणार, हे त्याला आकाशातून बघावं लागत नव्हतं. बोट चुकून स्पीकरवर पडलं आणि आईचा आवाज माळावर मोठा झाला.

"पोचलास का रे?"

"हो, आई."

"वाघ्या भेटला?"

उपेंद्रनं मान वर केली. समोर सटवा बसला होता, गळ्यात तांबडा पट्टा.

"भेटला," तो म्हणाला. "हा काय, समोरच बसलाय माझ्या."

एकही शब्द खोटा नव्हता.

पलीकडून आईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"काही खाल्लं का त्यानं?"

"परवापासून नाही म्हणतात. पण... खाईल."

"खाईल, खाईल. घरी आला की खाईल. भाकरी कुस्करून ठेवते दुधात." तिचा आवाज आता लगबगीचा झाला होता. "अरे, हे गेल्यापासून घरात मी कुणाशी बोलते सांग? त्याच्याशीच. दाराशी त्याचं पोतं तसंच घालून ठेवलंय मी, उचललेलं नाही... तू एक कर. फोन धर त्याच्या कानाशी. मी हाक मारते. तो मला ओ देतो. जोरात भुंकतो बघ."

"आई, आत्ता नको..."

"धर रे! एवढं काय त्यात? वाघ्याऽ... ए वाघ्याऽ..."

सटवानं कान दिला.

उपेंद्रनं फोनचं तोंड तळहातानं घट्ट दाबून धरलं आणि गुडघ्यांवर सरकत तो म्हाताऱ्याच्या जवळ गेला.

"बाबा," तो कुजबुजला. "पाया पडतो तुमच्या. एकदाच. जागरणात देवापुढं भुंकता ना, तसं एकदा भुंका. एकटी आहे हो ती. आत्ता ऐकलं तर तिथल्या तिथं काहीतरी होईल तिला. मी सांगीन नंतर. उद्या-परवा, नीट समजावून सांगीन..."

म्हातारा त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. हरवलेलं जनावर ओळखू येतंय का हे निरखावं, तसं.

"वाघ्याऽ," तळहाताखालून बारीक आवाज येत होता. "ए सोन्या... ये रेऽ..."

सटवानं हात पुढं केला. उपेंद्रनं घाईघाईनं फोन त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो मातीवर ठेवला, कोटंबा ठेवावा तसा दोन्ही हातांनी, सांभाळून. मग गुडघे टेकले, हात टेकले, आणि तो त्यावर ओणवा झाला.

उपेंद्रनं डोळे मिटून घेतले.

"वाघ्याऽ..."

"जी, माय," म्हातारा म्हणाला. "कुत्रं गेलं... ल्योक घावलाय तुमचा."