बाळाच्या कानात सांगितलेला रंग

पूर्वी शोणपट्टण नगरात राजा अरुणदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते.

त्या नगरापाशी ना सोन्याची खाण होती, ना बंदर. होता तो मंजिष्ठेच्या मुळ्यांपासून केलेला लाल रंग. कितीही वेळा धुतले तरी वस्त्र फिके पडत नसे. दरवर्षी रंगारी देवीपुढे शपथ घेत : "कच्चा रंग पक्का म्हणून विकणार नाही." या शपथेवर विसंबून दूरदेशीचे व्यापारी गठ्ठा न उघडता माल नेत. नगर श्रीमंत झाले ते या शपथेमुळे.

त्याच देवीच्या नावाने आणखी एक नियम चालत आला होता. रंग पक्का करणारा काढा कसा करायचा, हे बाप मरताना फक्त मुलाच्या कानात सांगे. मुलीने रंगशाळेचा उंबरठा ओलांडला तर रंग नासतो, असे सगळे मानत.

एका वर्षी तापाची साथ आली. रंगाऱ्यांची घरेच्या घरे ओस पडली. काढा जाणणारा एकटा सोमिल उरला, तोही अंथरुणाला खिळलेला. त्याचे मुलगे साथीत गेले होते. उरली होती मुलगी, उत्पला.

राजाने रंगाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, कारभार पाहणाऱ्या पण स्वतः काढा न जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना बोलावून विचारले, "शेजारचे वेणुग्राम काल आपल्याकडून कापड घेत होते. आज ते भरभराटीला आले आणि आपण बुडतो आहोत. असे का?"

श्रेणीचे प्रमुख कुंभक म्हणाले, "महाराज, लोकांचा धर्म ढिला झाला. देवीचा कळस सोन्याने मढवा."

बोधिसत्त्व म्हणाले, "आजोबा, वेणुग्रामातही हीच देवी आहे आणि तिचा कळस मातीचा आहे. पण तिथे मुलीला, सुनेला, परक्यालाही माग शिकवतात. आपल्याला धर्मानेच मोठे केले, हे खरे. त्या शपथेने केले. आता हा उंबरठा आपल्याला बुडवील. देवीच्या नावाने काय जपायचे, ते ठरवणारे आपणच. उत्पलेला काढा शिकू द्या."

"पोरीला?" कुंभक हसले. "म्हणजे उद्या सासरी जाताना आंदणात काढाच घेऊन जाईल!"

"मी लग्नच करणार नाही!" दाराबाहेरून उत्पला ओरडली. "देवीपुढे शपथ घेते."

"जीभ बघा हिची," दुसरा म्हातारा म्हणाला. "हिच्या आवाजानंच रंग उतरायचा."

वडीलधाऱ्यांच्या शापाला भिऊन राजा गप्प राहिला.

बोधिसत्त्व सोमिलाकडे गेले. सोमिल रडू लागला. "अमात्य, पोर माझ्यापेक्षा हुशार आहे. बाहेर उभी राहून नुसत्या वासावरून सांगते, बाबा, आच जास्त झाली. पण नियम मोडून वर माझ्या बापाला काय तोंड दाखवू?"

"बापाकडे जाण्याआधी एकदा लेकीकडे बघा, सोमिलबाबा."

सोमिलाने मान दाराकडे वळवली. मग म्हणाला, "बोलवा तिला."

ती अंगणात पोहोचते तोच वडीलधारे वाजतगाजत आले. कुंभकांच्या कडेवर त्यांचा आठ महिन्यांचा नातू होता. त्यांनी त्याला सोमिलाच्या मांडीवर ठेवून दत्तक दिले. "हा तुझा मुलगा. आता सांग याच्या कानात."

सोमिलाने जन्मात वडीलधाऱ्यांना नाही म्हटले नव्हते. परक्याला ऐकू जाऊ नये म्हणून शंख फुंकले गेले. दोघांनी उत्पलेला उंबरठ्याबाहेर धरून ठेवले.

"बाबा, त्याला काही कळत नाही हो! बाबा!"

शंखांत तिचा आवाज बुडाला. सोमिल बाळाच्या कानाशी ओठ हलवत होता. बाळ हसत त्याची दाढी ओढत होते. शंख थांबले तेव्हा सोमिलाचा श्वास थांबलेला होता.

कुंभक डोळे पुसत म्हणाले, "परंपरा वाचली."

राजा बोधिसत्त्वांना म्हणाला, "काढा सुरक्षित आहे अशी दवंडी पिटवा. व्यापारी थांबतील. तुम्हाला दोन गावे इनाम देतो."

"महाराज, हे कच्चा रंग पक्का म्हणून विकणे झाले," असे म्हणून बोधिसत्त्वांनी राजमुद्रा खाली ठेवली आणि ते उत्पलेबरोबर मंजिष्ठेच्या मुळ्या कुटू लागले.

बारा वर्षे त्यांनी काढे करून पाहिले. रंग तिसऱ्या धुण्यात उतरे. गिऱ्हाईक आले की उत्पला आधी तेच सांगे, आणि गिऱ्हाईक बहुधा निघून जाई. शिकायला जो येई, त्याला मात्र ती येत होते तेवढे सगळे शिकवी.

इकडे कुंभक रोज सकाळी नातवाला देवीपुढे बसवून विचारत, "आठव बाळा, ते काय म्हणाले होते?" बाजारातली दुकाने एकेक करून बंद झाली. राजाने कळस मढवला, पण तो बघायला यात्रेकरूही येईनात.

एका दुपारी तो मुलगा उत्पलेच्या दारात आला. "ताई, मला काहीच आठवत नाही. कळायला लागल्यापासून आठवतोच आहे. मला शिकवाल?"

"मला तरी पक्का कुठे येतो रे?" ती म्हणाली आणि कुंडापाशी त्याला जागा करून दिली.

पक्का रंग दोघांनाही कधीच साधला नाही.

ही कथा सांगून भिक्षुसंघाचे गुरू शास्ते थांबले. तरुण भिक्षुणी श्यामेला सूत्रे शिकवायला त्या दिवशी ज्या ज्येष्ठ भिक्षूंनी, स्थविरांनी, नकार दिला होता, ते समोरच बसले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचे कुंभक हे स्थविर होते. तो नकार ऐकून गप्प राहिलेला श्यामेचा भाऊ हा राजा अरुणदत्त होता. उत्पला ही श्यामा होती आणि अमात्य मी होतो. भिक्षूंनो, ज्ञान वेळेवर देऊन टाकणे, ही दानपारमिता, म्हणजे दानाची पराकाष्ठा, आहे. आपण सगळे पुन्हा जन्मलो. तो लाल रंग पुन्हा जन्मला नाही."